घर हलले तरी पत्ता तोच : आभासी संगणकाला कायमचा यंत्रपत्ता का लागतो?

इंदूर महापालिकेने २०२५ च्या जून महिन्याच्या अखेरीस शहरातील सुदामा नगर भागातून एका उपक्रमास प्रारंभ केला. घराच्या दर्शनी भागावर क्यूआर कोड असलेली एक पाटी बसविण्यात आली. ती मोबाइलने टिपली की घराची नोंद उघडते. नागरिकाला कर भरता येतो, तक्रार नोंदविता येते आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला नेमक्या दारापर्यंत पोहोचता येते. त्याच्या सुमारे महिनाभर आधी टपाल खात्याने ‘डिजिपिन’ ही योजना देशासमोर ठेवली होती. देशाच्या भूभागाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेतांक द्यावा, अशी ही योजना आहे.

पत्ता ही गोष्ट आपण जितकी गृहीत धरतो, तितकी ती सोपी नाही, हे अशा उपक्रमांतून ध्यानात येते. घर जमिनीवर उभे असते, म्हणून त्याचा पत्ता जमिनीला बांधता येतो. संगणक पत्र्याच्या पेटीत असतो, म्हणून त्याचा पत्ता त्या पेटीतील सुट्या भागाला बांधता येतो. परंतु जो संगणक मुळात पेटीत नाहीच, जो केवळ एका फाइलच्या रूपाने दुसऱ्या संगणकाच्या पोटात राहतो आणि आज या यंत्रावर, तर उद्या त्या यंत्रावर चालविला जातो, त्याचा पत्ता कशाला बांधायचा? इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरील माहिती तंत्रज्ञान संकुलांपासून पणजीतील एखाद्या पतसंस्थेच्या कार्यालयापर्यंत हा प्रश्न रोजच्या कामकाजाचा झाला आहे. त्याचे उत्तर ठाऊक नसल्यास एखाद्या सकाळी सगळे कार्यालय हात बांधून बसते.

पिनकोड आणि यंत्रपत्ता

जाळ्याशी जोडलेल्या प्रत्येक संगणकाला दोन पत्ते असतात. एक आयपी पत्ता. तो जाळ्यातील जागा सांगतो आणि जागा बदलली की बदलतो. दुसरा मॅक पत्ता. तो जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाचा असतो. यालाच यंत्रपत्ता म्हणू. आयपी पत्ता हा भाड्याच्या खोलीचा क्रमांक, तर यंत्रपत्ता हा जन्मनोंदीचा क्रमांक, असे सामान्यतः समजले जाते.

या यंत्रपत्त्याची रचना आपल्या पिनकोडची आठवण करून देणारी आहे. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू केला. त्याचे श्रेय जाते श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याला. संस्कृतचे व्यासंगी आणि कवी असलेल्या वेलणकरांनी नावांचा गोंधळ आकड्यांनी सोडविला. एकाच नावाची अनेक गावे, पत्त्यांच्या अनेक भाषा, न वाचता येणारे हस्ताक्षर या सगळ्यांवर सहा आकड्यांचा तोडगा निघाला. त्यांतील पहिले तीन आकडे मोठा विभाग सांगतात, तर उरलेले तीन त्या विभागातील टपाल कार्यालय. ४०३ म्हटले की पत्र गोव्याकडे वळते, ४५२ म्हटले की इंदूरकडे.

यंत्रपत्त्यात बारा अक्षरे असतात. ती दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिली जातात. येथे मोजणी सोळाच्या पटीत चालते; म्हणून शून्य ते नऊ हे आकडे संपल्यावर ए ते एफ ही सहा अक्षरे आकड्यांचेच काम करतात. पहिल्या तीन जोड्या कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या आणि उरलेल्या तीन त्या कंपनीने त्या विशिष्ट कार्डाला दिलेल्या. आयईईई ही अभियंत्यांची जागतिक संस्था कंपन्यांना पहिला भाग वाटून देते. असा एक भाग मिळाला की कंपनीला त्यावर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ कार्डांना क्रमांक देता येतात. एकूण पत्त्यांची संख्या सुमारे २८१ लाख कोटी इतकी होते.

अमेरिकेतील झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली गेली, तेव्हाच्या प्रायोगिक जाळ्यात पत्ता अवघ्या आठ बिटांचा होता. म्हणजे अडीचशेच्या आसपास यंत्रे झाली की पत्ते संपले. पुढे १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून जे मानक प्रसिद्ध केले, त्यात ४८ बिटांचा पत्ता आला. जगातील कोणत्याही दोन कार्डांचा क्रमांक एक असू नये, हा त्यामागचा हेतू होता.

पेटीवाचून संगणक

आता आभासी संगणकाकडे वळू. एका दणकट यंत्रावर विशेष सॉफ्टवेअर चालवून त्याची शक्ती अनेक स्वतंत्र संगणकांत वाटून द्यायची, ही कल्पना नवी नाही. आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली, ती २ ऑगस्ट १९७२ रोजी; म्हणजे आपला पिनकोड सुरू झाला त्याच महिन्यात. तेव्हा ती मोठ्या संस्थांपुरती होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने आणि नंतर हायपर-व्ही, व्हर्च्युअलबॉक्स, केव्हीएम यांसारख्या प्रणालींनी ती साध्या संगणकांवर आणली. आज एकाच यंत्रावर हिशेबाचा संगणक, हजेरीचा संगणक आणि संकेतस्थळाचा संगणक असे तिघे गुण्यागोविंदाने नांदतात.

या आभासी संगणकाला जाळ्याशी जोडायचे, तर त्यालाही कार्ड हवे आणि कार्डाला पत्ता हवा. कार्ड खोटे, पण पत्ता खऱ्यासारखा असावा लागतो, कारण जाळ्यातील इतर यंत्रांना खरे-खोटे कळत नाही. म्हणून यजमान सॉफ्टवेअर स्वतःच एक पत्ता तयार करून देते. त्यावरून जाणकाराला यजमानही ओळखता येतो. ००:१५:५डी ने सुरू होणारा पत्ता सहसा हायपर-व्हीचा, ०८:००:२७ ने सुरू होणारा व्हर्च्युअलबॉक्सचा, ५२:५४:०० ने सुरू होणारा केव्हीएमचा आणि ००:०सी:२९ किंवा ००:५०:५६ ने सुरू होणारा व्हीएमवेअरचा.

खऱ्या कार्डाचा पत्ता कारखान्यात ठरतो आणि कार्डाबरोबर राहतो. आभासी कार्डाचा पत्ता ही मात्र केवळ एका फाइलमधील ओळ असते. यजमानाने ती ओळ पुन्हा लिहिली की संगणकाची ओळख बदलली.

एका परीक्षेच्या सकाळची कल्पना

त्याने काय बिघडते? एक काल्पनिक प्रसंग घेऊ. इंदूरमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आरेखनाच्या सॉफ्टवेअरचे परवाने एका आभासी संगणकावर ठेवलेले आहेत. प्रयोगशाळेतील तीस विद्यार्थी सॉफ्टवेअर उघडतात, तेव्हा प्रत्येकाचा संगणक या परवाना-संगणकाकडे परवानगी मागतो. ज्या यंत्रावर तो चालतो, त्याची डिस्क कुरकुरू लागली. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री तंत्रज्ञाने आभासी संगणकाची फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली. सुरू करताना सॉफ्टवेअरने विचारले, ‘हा संगणक तुम्ही हलविला आहे की त्याची प्रत काढली आहे?’ तंत्रज्ञाने फाइल कॉपी केली होती. त्याने प्रामाणिकपणे ‘प्रत’ असे उत्तर दिले. त्या उत्तरासरशी आभासी कार्डाला नवा पत्ता मिळाला.

सकाळी तीन गोष्टी एकदम घडल्या. परवाना-प्रणाली यंत्रपत्त्याशी बांधलेली होती. तिने नव्या पत्त्याला ओळख दाखविली नाही आणि परवाने नाकारले. जाळ्यात आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर अमुक यंत्रपत्त्याला अमुकच आयपी पत्ता द्यावा, अशी राखीव नोंद ठेवून होता. त्याच्या दृष्टीने आलेला पाहुणा अनोळखी होता, म्हणून त्याने हाताला लागेल तो पत्ता दिला. तीस संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहिले. आणि ज्या स्विचवर केवळ नोंदविलेल्या यंत्रांनाच प्रवेश होता, त्याने ती वाटच बंद केली.

यंत्र शाबूत, माहिती शाबूत, सॉफ्टवेअर शाबूत. हरवली ती फक्त ओळख. अशा वेळी तंत्रज्ञ आधी केबल तपासतो, मग फायरवॉल, मग परवान्याची मुदत. बारा अक्षरांची ती ओळ तपासण्याचे सुचेपर्यंत परीक्षेची वेळ टळून गेलेली असते.

पतसंस्थेतील हिशेबाचा संगणक, रुग्णालयातील तपासण्यांच्या अहवालांचा संगणक किंवा शाळेतील हजेरीचा संगणक यांच्या बाबतीत हाच प्रसंग कल्पून पाहावा. खोळंबा यंत्राचा होतो. तिष्ठत मात्र रांगेतली माणसे राहतात.

पत्ता कायम कसा करावा?

उपाय अवघड नाही. यजमानाला सांगायचे, की या संगणकाच्या कार्डाचा पत्ता तू ठरवू नकोस, आम्ही ठरवू. हा बदल आभासी संगणक पूर्ण बंद करूनच करावा आणि त्याआधी चालू पत्ता कागदावर लिहून ठेवावा. परवाने किंवा राखीव नोंदी जुन्या पत्त्यावर असतील, तर तोच पत्ता कायम करणे शहाणपणाचे.

हायपर-व्हीमध्ये आभासी संगणकाच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ॲडॉप्टरखाली ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’ हा भाग असतो. तेथे ‘डायनॅमिक’ ऐवजी ‘स्टॅटिक’ निवडून पत्ता भरावा. येथे ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. कारण डायनॅमिक पत्ता यजमान आपल्या साठ्यातून देतो आणि आभासी संगणक दुसऱ्या यजमानावर जाऊन पुन्हा सुरू झाला की तो बदलू शकतो. शिवाय एका यजमानाच्या या मूळ साठ्यात केवळ २५६ पत्ते असतात.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्कच्या प्रगत पर्यायांत बारा अक्षरांचा रकाना असतो. त्यात पत्ता विसर्गचिन्हांविना सलग लिहायचा. संगणक एका यंत्रावरून दुसऱ्यावर आयात करताना जुने पत्ते ठेवायचे की नवे घडवायचे, असा पर्याय पुढे येतो. घाईत त्याच्याकडे दुर्लक्ष झाले की कायम केलेला पत्ताही निसटतो.

केव्हीएममध्ये संगणकाचे सर्व वर्णन एका मजकूर-फाइलीत असते. पत्ता एकदा त्यात नोंदला गेला की तो तसाच राहतो. ती ओळ पुसून टाकली, तरच नवा घडविला जातो.

व्हीएमवेअरच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये संगणकाबरोबर एक ‘व्हीएमएक्स’ फाइल असते. तिच्यात पत्त्याचा प्रकार ‘जनरेटेड’ असा लिहिलेला असतो. त्याजागी ‘स्टॅटिक’ लिहावे, यजमानाने घडविलेल्या पत्त्याच्या ओळी काढून टाकाव्यात आणि आपला पत्ता नोंदवावा. मात्र हा पत्ता मनास येईल तो चालत नाही. हाताने देण्यासाठी व्हीएमवेअरने ००:५०:५६:००:००:०० पासून ००:५०:५६:३एफ:एफएफ:एफएफ पर्यंतची मालिका राखून ठेवली आहे. म्हणजे चौथी जोडी ३एफच्या पुढे जाता कामा नये. ही मर्यादाही काही लहान नाही. तीत ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते मावतात.

हा बदल यजमानाच्या बाजूनेच करावा. आभासी संगणकाच्या आत शिरून, विंडोज किंवा लिनक्समधूनही पत्ता बदलता येतो. परंतु आतला पत्ता आणि यजमानाच्या नोंदीतील पत्ता निराळे दिसले, तर यजमान त्याला तोतया समजून त्याची वाहतूक अडवू शकतो. हायपर-व्हीमध्ये अशा वेशांतरास मुळात परवानगी नसते. ती मुद्दाम द्यावी लागते.

स्वतःचा पत्ता रचताना

नवा पत्ता रचायचा असेल, तर दोन नियम पुरेसे आहेत. पत्त्याच्या पहिल्याच जोडीत दोन खुणा दडलेल्या असतात. एक खूण सांगते, की हा पत्ता एका यंत्राचा आहे की एकाच वेळी अनेकांना हाक मारण्याचा. दुसरी सांगते, की तो कंपनीने दिला आहे की स्थानिक व्यवस्थापकाने. पहिल्या जोडीतील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल, तर तो पत्ता एकाच यंत्राचा आणि स्थानिक पातळीवर दिलेला ठरतो. अशा पत्त्याची कोणत्याही कंपनीच्या कार्डाशी टक्कर होण्याचे कारण नाही. केव्हीएमचा ५२ ने सुरू होणारा पत्ता याच वर्गातला.

येथे वेलणकरांचा पिनकोड थेट कामी येऊ शकतो. व्हीएमवेअरची राखीव मालिका जेथे बंधनकारक नाही, तेथे पणजीतील एखाद्या कार्यालयाने ०२ नंतर ४०३००१ हा आपला पिनकोड आणि शेवटी संगणकाचा अनुक्रमांक घातला, तर पहिल्या आभासी संगणकाचा पत्ता ०२:४०:३०:०१:००:०१ असा होईल. इंदूरच्या शाखेतील पहिल्या संगणकाचा ०२:४५:२०:०१:००:०१. नोंदवही उघडण्यापूर्वीच पत्ता कोणत्या शाखेचा, हे डोळ्यांना कळेल. रचना कोणतीही असो, तिच्यामागे ठरलेली पद्धत हवी.

कायम पत्त्याचा धोका

कायम पत्त्याने एक संकट टळते. पण दुसरे दार उघडते. पत्ता फाइलीत लिहिलेला असल्याने फाइलची प्रत काढली की पत्त्याचीही प्रत निघते. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच जाळ्यात सुरू झाल्या, तर एका पत्त्याची दोन घरे होतात. स्विच हा त्या जाळ्याचा पोस्टमन. कोणता पत्ता कोणत्या तारेच्या टोकाला आहे, याची तो सतत नोंद घेत असतो. पहिल्याने निरोप पाठविला की तो पत्ता इकडे मांडतो, दुसऱ्याने पाठविला की तिकडे. परिणामी दोघांनाही अर्धवट टपाल मिळते. जोडणी पूर्ण तुटली असती, तर दोष लवकर सापडला असता. येथे ती क्षणात लागते, क्षणात जाते आणि शोध घेणारा हैराण होतो. म्हणून नियम असा, की संगणक हलविला तर पत्ता तोच. प्रत काढली तर पत्ता नवा.

केवळ पत्ता नवा केला म्हणजेही काम संपत नाही. उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांसारख्या काही लिनक्स प्रणाली आयपी पत्ता मागताना यंत्रपत्त्याऐवजी प्रणालीच्या आत साठविलेला वेगळा ओळख-क्रमांक पुढे करू शकतात. प्रत काढताना तोही जसाच्या तसा गेलेला असतो. त्यामुळे यंत्रपत्ते निरनिराळे असूनही दोन संगणकांना एकच आयपी पत्ता मिळाल्याचे दिसते. अशा वेळी हा क्रमांकही बदलावा, किंवा प्रणालीला यंत्रपत्त्यावरूनच ओळख देण्यास सांगावे.

आणखी दोन ठिकाणी श्रम वाया जाण्याची शक्यता असते. आभासी संगणक ‘नॅट’ पद्धतीने जोडलेला असेल, तर तो यजमानाच्या आडोशाला असतो; बाहेरच्या जाळ्याला त्याचा यंत्रपत्ता दिसतच नाही. तेव्हा पत्ता कायम करूनही कार्यालयाच्या डीएचसीपी सर्व्हरला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी ‘ब्रिज्ड’ जोडणी हवी. आणि ती जोडणी वायफायवरून असेल, तर पुष्कळदा यजमान आपलाच यंत्रपत्ता पुढे करतो, कारण वायफायचे केंद्र आपल्याशी थेट जोडलेल्या यंत्राखेरीज अन्य पत्ता स्वीकारत नाही. ज्या संगणकावर संस्थेचे काम अवलंबून आहे, तो तारेनेच जोडलेला बरा.

ओळख म्हणजे पुरावा नव्हे

येथे वाचकाच्या मनात एक विसंगती येईल. आपल्या हातातील मोबाइल नेमका उलट वागतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ या आवृत्त्यांपासून फोन वायफायला जोडताना स्वतःचा खरा यंत्रपत्ता लपवून बनावट पत्ता देतात. माणूस कोणकोणत्या दुकानांत, स्थानकांवर गेला, याचा माग एका कायम क्रमांकावरून काढता येऊ नये, हा त्यामागील उद्देश आहे. मग संगणकाला कायम पत्ता द्या, असे सांगणे कसे?

दोन्ही योग्यच आहे. फरक भूमिकेचा आहे. फोन हा वाटसरू असतो आणि वाटसरूला आपले नाव प्रत्येक दारात सांगण्याची सक्ती नसावी. परवाने किंवा हिशेब सांभाळणारा संगणक हा कचेरीसारखा असतो; कचेरीने रोज पत्ता बदलला तर लोकांनी जायचे कोठे?

त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे, की जो पत्ता इतक्या सहजपणे लिहिता येतो, तो ओळखीचा पुरावा होऊ शकत नाही. नोंदविलेल्या यंत्रपत्त्यांनाच प्रवेश, एवढ्यावर सुरक्षेची भिस्त ठेवणाऱ्या संस्थेने दाराला कडी लावली आहे, कुलूप नव्हे. त्याच जाळ्यात बसलेल्या माणसाला तो पत्ता वाचता येतो आणि उचलून वापरताही येतो. परवान्याची प्रत चालविण्यासाठी पत्त्याची नक्कल करणे हा तर करारभंग आहे. स्वतःच्या संगणकाची ओळख स्थलांतरात टिकविणे आणि दुसऱ्याची ओळख पांघरणे, यांतील सीमारेषा तंत्राने आखलेली नाही. ती माणसांनीच पाळायची आहे.

शेवटी नोंदवहीच

खऱ्या कार्डाच्या पत्त्याची जबाबदारी कारखाना घेतो. आभासी कार्डाच्या पत्त्याला असा धनी नसतो. तो कायम करणे म्हणजे ही जबाबदारी आपण स्वीकारणे होय. म्हणून प्रत्येक संस्थेत एक साधी वही किंवा तक्ता असावा. संगणकाचे नाव, काम, यंत्रपत्ता, आयपी पत्ता, यजमान यंत्र, पत्त्याशी बांधलेले परवाने आणि पत्ता देणाऱ्याची सही, एवढे सात रकाने पुरतात. तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, यंत्र बिघडले, कंत्राटदार बदलला, तरी ही वही मागे राहते आणि संगणकाची ओळखही तिच्या आधारे पुन्हा उभी करता येते.

इंदूरच्या घरावरील पाटीचेही तेच आहे. पाटी भिंतीवर असते. पण तिचे मोल महापालिकेच्या दप्तरातील नोंद खरी आहे तोवरच.